पाण्यावरचं एकशे पंधरावं भाषण

कान्हा : नाय सर, काट्यात झोल नाय. सकाळपासून तीन पेशंट याच काट्यावर उभे राहिले.

मधुकर : मग माझ्या खिशातल्या किल्ल्यांचं वजन असेल.

कान्हा : किल्ल्या? चार-पाच किलोच्या?

मधुकर : सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीची पण आहे त्यात. पाणी कमिटीचा अध्यक्ष आहे मी. हसू नकोस. निवडणूक झाली तेव्हा माझी किडनी शाबूत होती.

कान्हा : द्या इकडं किल्ल्या. चष्मा पन द्या, नंतर तक्रार नको. आता उभे राहा. हां. बासष्ट किलो नऊशे. गुरवारी डायलिसिस करून तुमाला अठ्ठावन्नवर घरी पाठवला होता. आज सोमवार. चार दिवसांत चार किलो नऊशे.

मधुकर : माणूस आनंदात असला की वजन वाढतं, कान्हा.

कान्हा : तुमचं आनंदानं नाय वाढत, पान्यानं वाढतं. लघवी होत नाय, जे आत गेलं ते आतच. ते काढायला मी इथं मशीन घेऊन बसलोय. बोला, काय पिलं?

मधुकर : आठशे मिली. रोज. तू सांगितलंस तेवढंच. शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोजपात्र घरी आणलंय. डोळ्यांच्या रेषेत धरतो, पाण्याची पातळी खाली वाकलेली असते ना, तिच्या तळाशी वाचन घेतो आणि मग पितो. इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं अख्ख्या नवी मुंबईत दुसरं कुणी पाणी पीत नसेल.

कान्हा : वरन?

मधुकर : वरण हे अन्न आहे.

कान्हा : ताक?

मधुकर : ताक हा वादाचा मुद्दा आहे.

कान्हा : कलिंगड?

मधुकर : हे तुला कुणी सांगितलं?

कान्हा : कोनी नाय. सीझन हाय, म्हनून विचारला.

मधुकर : दोन फोडी. बरं, चार. कलिंगडात ब्याण्णव टक्के पाणी असतं, हे वाक्य मी नववीच्या वर्गाला चौदा वर्षं शिकवलं. परीक्षेत विचारलं. ज्यांना आलं नाही त्यांचा गुण कापला. खाताना मात्र मला ते नुसतं फळ वाटलं. ज्ञान डोक्यात असतं रे, जीभ त्याच्या बरीच खाली आहे.

कान्हा : झोपा. डावा हात. मूठ आवला. सुई घालतो, हलू नका.

मधुकर : आई गं. चांगलं शिकवलं होतं मी तुला, की हा सूड आहे?

कान्हा : सूड घ्यायचा असता तर उलट्या सुईनं घेतला असता. झाली. आता दुसरी. सर, वरन, ताक, कलिंगड सगलं धरलं तरी तीन किलोच्या वर जात नाय. वरचे दोन कुठून आले?

मधुकर : काल खांदेश्वरला गेलो होतो.

कान्हा : कोनाकडं?

मधुकर : एक विज्ञान मंडळ आहे तिथं. नवीन आहे, उत्साही आहे. त्यांनी भाषणाला बोलावलं होतं.

कान्हा : कशावर?

मधुकर : हे बघ, आता ते विचारू नकोस.

कान्हा : सर.

मधुकर : पाण्यावर.

कान्हा : देवा!

मधुकर : 'पाणी : जीवनाचा आधार.' वाशी, बेलापूर, पनवेल, उरण, सगळीकडं केलंय. काल एकशे पंधरावं होतं. लोक मला पाणीवाले सर म्हणतात. पाण्यावर मी एकशे चौदा भाषणं ठोकली तोवर पाणी बिचारं गप्प ऐकून घेत होतं. गेल्या आठ महिन्यांपासून त्यानं बोलायला सुरुवात केलीय, आणि मला एक शब्द मधे बोलू देत नाही.

कान्हा : भाषनानं वजन वाढत नाय.

मधुकर : माझ्या भाषणानं वाढतं. त्यात एक प्रात्यक्षिक आहे. टेबलावर तांब्या-भांडं ठेवायला सांगतो. सुरुवातीला एक भांडंभर पाणी गटागटा पितो, भांडं उलटं करून दाखवतो आणि म्हणतो, 'मंडळी, हे पाणी आत्ता माझ्या जठरात आहे.' दहा मिनिटांनी दुसरं भांडं. 'पहिलं पाणी आता आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरलं. रक्तात मिसळून मेंदूपर्यंत आलं, आणि तेच आत्ता तुमच्याशी बोलतंय.' इथं हमखास टाळी पडते. मग तिसरं भांडं.

कान्हा : तिसरं कशाला?

मधुकर : तिसऱ्याला पाणी मूत्रपिंडात पोचतं. काल तिथं अडखळलो. भांडं तोंडाशी आणि पुढचं वाक्य घशात. वीस वर्षं पाठ असलेलं वाक्य. 'आणि मूत्रपिंड, मंडळी, आपलं काम कसं चोख बजावतं पाहा.'

कान्हा : मग?

मधुकर : मग काय, म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. टाळ्या पडल्या.

कान्हा : पूर्न तांब्या पिलात?

मधुकर : तळाला थोडं ठेवलं. पथ्य म्हणून.

कान्हा : सांगायचं ना लोकांना, मी आजारी हाय, मला पानी चालत नाय.

मधुकर : पाण्याचं महत्त्व सांगायला आलेल्या माणसाला पाणीच चालत नाही, हे माइकवरून सांगू? शेवटी प्रश्नोत्तरं झाली. एक बाई उठल्या, जयमालाबाई कुणीतरी, आणि म्हणाल्या, सर, माणसानं दिवसाला किती पाणी प्यावं? मी म्हटलं, आठ ते दहा पेले, अजिबात कंजुषी करू नका. वहीत लिहून घेतलं हो बिचारीनं! आणि पायात माझ्या सूज इतकी, की व्यासपीठावरून उतरताना बुटात पाय जाईना. चपला मागवल्या अध्यक्षांच्या. मग सत्कार झाला. शाल दिली, शहाळं दिलं आणि रिक्षात बसवून दिलं.

कान्हा : एक मिनिट. परत बोला. शाल आनि काय?

मधुकर : शहाळं. मंडळ विज्ञानाचं ना. नारळ म्हणजे कर्मकांड, तो त्यांच्यात बसत नाही. पाण्यावरचं भाषण आहे तर वक्त्याला शहाळं द्यावं, ही कल्पना सेक्रेटरीची. कल्पना वाईट नाही. वक्ता वाईट निवडला.

कान्हा : घरी नेलं ना ते? मॅडमला दिलं ना?

मधुकर : तोंड कापून, नळी घालून हातात दिलं रे त्यांनी. फोटोवाला समोर गुडघ्यावर बसलेला. शंभर माणसं बघतायत. मी तरी काय करणार?

कान्हा : पिलात.

मधुकर : प्यायलो.

कान्हा : सगलं?

मधुकर : मलईसकट. मलई अध्यक्षांनी स्वतः काढून दिली.

कान्हा : सुचिता सिस्टर! ईसीजीचं मशीन आना इकडं, लवकर! आनि डॉक्टरांच्या पेजरवर मेसेज टाका, पेशंटनं काल शहाळं पिलंय बोला, बाकी ते समजतील. सर, आता गंमत बंद. छातीत धडधडतंय का? हातापायाला मुंग्या?

मधुकर : सकाळपासून ओठांना येतायत. मला वाटलं, भाषण फार झालं.

कान्हा : शर्टाची बटनं सोडा. शहाळ्यात काय असतं सर? तुमीच बोला.

मधुकर : पोटॅशियम.

कान्हा : आनि ते रक्तात वाढलं की?

मधुकर : हृदयाचे ठोके बिघडतात. फार वाढलं तर हृदय थांबतं. मला शिकवू नकोस, हे मीच शिकवलंय.

कान्हा : तेच तर डोकं फिरवतंय ना माझं! माझ्या आजीनं पिलं असतं तर मी समजलो असतो. हलू नका, कागद खराब निघतो. हां… हे बघा. हे उंच सुले दिसतात ना? तंबूसारखे?

मधुकर : दिसले. पुस्तकातल्या आकृतीत इतके सुबक नसतात.

कान्हा : दोन पेशंट गेलेत माझ्यासमोर, असे तंबू आल्यावर. एक तर हसत हसत चा मागत होता. मशीन चालू करतो. कमी पोटॅशियमचं पानी लावलंय, ते तुमच्या रक्तातलं खेचून घेईल. डॉक्टर वरच्या मजल्यावर हायेत, येतात खाली. तोपर्यंत माझ्याशी बोलत राहा. गप्प बसू नका.

मधुकर : गप्प बसायचं औषध मला आजवर कुणाला देता आलं नाही. काय बोलू?

कान्हा : कायपन. हे बोला, या नलकांड्यात काय चाललंय.

मधुकर : तोंडी परीक्षा? घे. आत केसासारख्या हजारो नळ्या. नळीच्या आतून माझं रक्त, बाहेरून तुझं पाणी. मध्ये पडदा, त्याला इतकी बारीक भोकं, की पोटॅशियम, युरिया जाऊ शकतात, रक्तपेशी जाऊ शकत नाहीत. जे इकडं जास्त ते तिकडं जातं. विसरण. विसरण म्हणजे गर्दीतून मोकळ्या जागेकडं जाणं. हा पडदा मी फळ्यावर रंगीत खडूनं काढायचो, आणि मुलांना म्हणायचो, 'निसर्गानं असे पडदे तुम्हांला फुकट दिलेत, त्यांची किंमत ठेवा.' चौदा वर्षं बीपीची गोळी घ्यायचा मला कंटाळा. किंमत ठेवा म्हणे.

कान्हा : बरोबर बोलताय. बोला अजून.

मधुकर : कान्हा, पाय! उजवा पाय आखडला! पोटरीत गोळा आलाय!

कान्हा : पानी जोरात निघतंय म्हनून. थांबा. सलाइन सोडतो, जरा मिठाचं.

मधुकर : मीठ? आठ महिने मीठ नको, मीठ नको म्हणून ओरडतोस आणि आता तूच देतोस?

कान्हा : पानी शिरेत थांबायला मीठ लागतं, सर. मीठ जिथं, पानी तिथं. अंगठा वर खेचा. सुटतंय?

मधुकर : सुटतंय. हुश्श.

कान्हा : तुमी पानी मोजता, तेच चुकतं. मीठ मोजा. लोनचं, पापड, फरसान बंद करा, तहान आपोआप मरते. माझा बाप शिरवण्याच्या मिठागरावर उनात उभा राहायचा. नुसतं पानी पिऊन त्याचं भागायचं नाय. मीठ टाकून पेज प्यायचा, मगच अंगात पानी थांबायचं. तुमाला पन तेच लागू, फकस्त उलटं.

मधुकर : हे तू मला एकदा लिहून दिलं होतंस.

कान्हा : जाऊ द्या ना सर.

मधुकर : जाऊ कसं देऊ? आठवी ब. प्रश्न होता, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटतं? मला एकच शब्द हवा होता, परासरण. तू लिहिलंस, 'मीठ तहानलेलं असतं, ते फोडीतलं पानी मागून घेतं.' मी शून्य दिलं आणि वर वर्गात वाचून दाखवलं. सगळा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

कान्हा : मी पन हसलो होतो. घरी बापाला सांगितला. बाप बोल्ला, 'बराबर लिवलास तू, तुजा मास्तर कदी मिठागरात उतरला नाय.'

मधुकर : तुझ्या बापाला भेटायला हवं.

कान्हा : बाप नाय आता. मिठागर पन नाय. त्याच्यावर बिल्डिंगी झाल्या, तुमी राहता त्या.

मधुकर : म्हणजे राहतोही त्याच्याच मिठावर. बरं झालं, कुणीतरी वेळेवर सांगितलं. शून्याचे दोन करू का आता?

कान्हा : दोनपैकी दोन? एवढ्या उशिरा देताय तर व्याज लावा. बघा, तंबू खाली यायला लागलेत. डॉक्टर आले की दाखवतो. वाचलात आज.

मधुकर : वाचलो का?

कान्हा : आजच्यापुरते. सर, एक विचारू? राग नाय ना येनार?

मधुकर : दोन सुया टोचलेल्या माणसाला राग परवडत नाही.

कान्हा : शहाळं मुद्दाम पिलात?

मधुकर : काय बोलतोस!

कान्हा : तुमाला माहीत होतं आत काय असतं. लोकांना एक गोष्ट बोलायची होती, डायबेटिस हाय, उपास हाय. सतरा कारनं होती. तुमच्यासारख्या बोलक्या मानसाला एक सापडलं नाय?

मधुकर : मुद्दाम नाही रे. खरंच नाही. पण… नळी तोंडात होती तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि भीती वाटली नाही. हे कसं सांगू तुला? वाटलं, होऊन जाऊ दे एकदाचं, टाळ्या चालू आहेत तोवर. मग रिक्षा उरण फाट्याशी आली आणि एकदम भीती वाटली. इतकी, की रिक्षावाल्याला म्हटलं, रेडिओ बंद कर. माझे ठोके मला ऐकू येत नव्हते. मनगटावर बोट ठेवून घरापर्यंत मोजत आलो. शंभराच्या पुढं जाऊ शकलो नाही, परत एकपासून. विज्ञानाचा शिक्षक, आणि देवाचं नाव घेतल्यासारखं एक, दोन, तीन.

कान्हा : मग मॅडमला उठवून सांगितलं?

मधुकर : ती टीव्ही बघत होती. विचारलं, कसं झालं भाषण? म्हटलं, छान.

कान्हा : सर, मॅडम गुरवारी मला भायेर भेटल्या होत्या. विचारत होत्या, ब्लडग्रुप दोघांचा सेम, मग किडनीचं मॅचिंग फेल कसं झालं?

मधुकर : तू काय म्हणालास?

कान्हा : डॉक्टरांना विचारा बोल्लो. पन मला पन तोच प्रश्न पडला. रिपोर्ट आमच्याकडं आलाच नाय. तुमी बोल्लात, फेल झालं. तुमी बोल्लात म्हंजे बरोबर, म्हनून मी लिवून टाकलं.

मधुकर : माझी बॅग दे. भाषणाची फाइल आहे बघ. सातव्या पानाच्या मागं काय आहे?

कान्हा : लॅबचा कागद. सर… हे तर जुललंय.

मधुकर : जुळलंय.

कान्हा : तीन आठवड्यांपूर्वीची तारीख हाय!

मधुकर : हो. सातवं पान माझं सगळ्यात लाडकं. त्यात मी सांगतो, शरीरातला एकही रेणू आपला नसतो. म्हटलं, तिथं हा कागद सुरक्षित राहील. मी सोडून ते पान कुणी वाचत नाही.

कान्हा : मॅडमला खोटं बोल्लात.

मधुकर : साफ खोटं. 'ऊतींमधली प्रथिनं जुळत नाहीत', असं म्हणालो. अवघड शब्द वापरला की घरात प्रश्न येत नाहीत. एकोणीस वर्षांचा अनुभव.

कान्हा : पन का?

मधुकर : श्रुती दहावीला आहे.

कान्हा : परीक्षा गेल्या हप्त्यात संपली. पेढे मागितले मी तुमच्याकडं.

मधुकर : दोघं एकदम ऑपरेशन टेबलावर गेलो आणि काही झालं, तर पोरीचं कोण?

कान्हा : आनि तुमी शहाळं पिऊन एकटे गेलात, तर पोरीचं कोन? सर, मी रोज चार मानसं मशीनला लावतो. प्रत्येकाला कोनीतरी किडनी द्यावी म्हनून नवस बोलतात. कोनाचा भाऊ फोन उचलत नाय. नावड्याचा मानसिंग हाय, त्याची सख्खी बहीन गावाला जाऊन बसली. तुमाला देनारी घरात बसलीय आनि तुमी कागद लपवताय. मला टेन्शन द्यायला येता का इथं?

मधुकर : खरं सांगू? तिच्या ताटातलं मीठ आधीच माझ्यापायी गेलंय. घरात एकच अळणी भाजी होते. म्हटलं, तुम्ही दोघी तरी घ्या मीठ, तर म्हणते, दोन-दोन भाज्या कोण करणार? आठ महिने ती पोर आणि तिची आई अळणी जेवतायत, आणि मी बाहेर लोणचं चोरून खातो. अशा बाईकडं किडनी कुठल्या तोंडानं मागायची? ज्या तोंडानं शहाळं प्यायलो, त्या?

(नंदिनी आत येते. ऑफिसची साडी, खांद्याला पर्स, हातात लांबट खाकी पाकीट.)

नंदिनी : कान्हा, किती वेळ राहिलाय?

कान्हा : दीड तास, मॅडम. आज जास्त पानी हाय. उद्या परत यावं लागंल.

नंदिनी : असणारच. अहो, शहाळं गोड होतं का?

मधुकर : तुला कुणी सांगितलं?

नंदिनी : खांदेश्वरहून सकाळी फोन आला. आभार मानायला. 'सरांनी शहाळं अगदी आवडीनं घेतलं', म्हणाले. फोटोची एक कॉपी पाठवणार आहेत. मी म्हटलं, पाठवा, फ्रेम करून घेते. हाफ डे टाकला आणि आले. काय रे कान्हा, कितपत झालं?

कान्हा : ईसीजी बिघडला होता. आता सुधारतोय. डॉक्टर येतायत.

नंदिनी : बरं. मी वाटेत काय काय ठरवत आले ते आता बोलत नाही. तुझ्या हातात तो कागद कसला?

कान्हा : हा… मॅडम, हा… मी जरा तिकडचा फिल्टर बघून येतो.

नंदिनी : थांब. साक्षीदार लागेल. माझ्या हातातला कागद तसाच आहे, जुळवून बघ. लॅबवाले दोन प्रती काढतात. एक घेणाऱ्याला, एक देणाऱ्याला. देणारी मी होते.

मधुकर : तुला कधी मिळाला?

नंदिनी : तुमच्या आधी दोन दिवस.

मधुकर : मग मी ते… प्रथिनांचं सांगत होतो तेव्हा?

नंदिनी : तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. तुम्ही इतकं छान समजावून सांगत होतात, की क्षणभर मलाच वाटलं, लॅबचं चुकलं.

मधुकर : आणि कान्हाला विचारलंस, मॅचिंग फेल कसं झालं?

नंदिनी : बघत होते, त्यालाही यात घेतलंय का.

मधुकर : तीन आठवडे तू काही बोलली नाहीस.

नंदिनी : तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. रिकामी नव्हते बसले. रजा मंजूर करून घेतली. चिपळूणहून माझी बहीण शालन यायची आहे, दोन महिने राहील श्रुतीजवळ. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनना भेटून आले. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. ऑफिसात मी आवक-जावकला आहे, अहो. आलेला कागद फाइलला लागल्याशिवाय मला झोप येत नाही.

मधुकर : नंदिनी, ऐक. मी नीट विचार केलाय. तुझं वय, तुझं आयुष्य, एक किडनी काढल्यावर…

नंदिनी : भाषण नको.

मधुकर : भाषण नाही गं. मुद्दे आहेत.

नंदिनी : तुमचे मुद्दे मला पाठ आहेत. सातवं पान म्हणून दाखवू? 'मंडळी, या देहातला एक रेणूही आपला नाही. मीठ समुद्राचं, पाणी ढगाचं, कर्ब भाताचा. सगळं उसनं आणलेलं, सगळं परत द्यायचं.' पहिल्या रांगेत बसून किती वेळा ऐकलंय. लग्नानंतरच्या पहिल्या भाषणाला तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता सांगा, समुद्राचं चालतं, ढगाचं चालतं, मग माझंच काय वावडं आहे?

मधुकर : ते व्यासपीठावरचं आहे, नंदिनी. व्यासपीठावर मी काहीही करतो. पाण्याचा तांब्या पितो, शहाळं पितो.

नंदिनी : म्हणजे ते खरं नाही?

मधुकर : खरं आहे. सगळ्या जगाला लागू आहे. फक्त तुझ्या बाबतीत मला ते पटत नाही. तुझ्यातला एक रेणू इकडचा तिकडं झालेला मला सहन होत नाही. हे शास्त्राला धरून नाही, माहीत आहे मला.

कान्हा : मॅडम, बसा. स्टूल घ्या.

नंदिनी : उभीच बरी आहे. अहो, माझं ऐका आता. मला तुमच्या परवानगीची गरज नाही. डॉक्टरांशी मी बोललेय, सह्या मी केल्यात. पण मी अशी जबरदस्तीनं देणार नाही. प्रसाद हातात कोंबतात तशी किडनी कोंबायची नसते. मला मागा.

मधुकर : काय?

नंदिनी : तोंडानं मागा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुम्ही माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. चहा हवा असला की म्हणता, 'स्वयंपाकघरात काही हालचाल?' आजारी पडलात तेव्हा म्हणालात, 'युरिया जरा वाढलाय.' जरा! प्रत्येक गोष्टीचा विनोद करून पुढं सरकवता आणि मी ओळखायची. ओळखत आले. हे मी ओळखणार नाही.

मधुकर : अगं, इथं? कान्हासमोर?

कान्हा : मी भिंतीकडं बघतो, सर.

मधुकर : नंदिनी, समज तुझ्याकडं एखादी जादा वस्तू पडून असेल, वापरात नसलेली…

नंदिनी : नाही. हे नाही चालणार.

मधुकर : बरं. सरकारी नमुन्यात अर्ज करू का? आवक क्रमांक टाकून?

नंदिनी : येते मी. खालीच थांबते.

मधुकर : थांब. थांब गं. जाऊ नकोस. मला जमत नाही. एवढा बोलतो मी आणि हे एवढंसं जमत नाही. काल रिक्षात ठोके मोजत होतो ना, तेव्हा एकदा चुकला. एकच. त्या एका ठोक्याच्या जागेवर तू दिसलीस, आणि मला कळलं, की मी हा सगळा वेळ तुला वाचवत नव्हतो. मागायला लाजत होतो. तुझं काही बरंवाईट व्हायची भीती आहेच. पण लाज जास्त होती. एवढा पाणीवाला सर, आणि बायकोपुढं हात पसरायचा.

नंदिनी : मग पसरा.

मधुकर : सुया आहेत एका हातात.

नंदिनी : दुसरा मोकळा आहे.

मधुकर : नंदिनी, मला अजून जगायचंय. खूप जगायचंय. तुझी किडनी मला देशील?

नंदिनी : देते. डोळे पुसा आता. श्रुती खाली रिक्षात थांबलीय, तिला वर बोलावते. तिला तुम्ही सांगायचं.